'मूट पॉइंट' : वाद घालण्याजोगा मुद्दा, की वाद संपलेला मुद्दा?

तळटीप
अमेरिकेतल्या एका भाडेवादाच्या कागदाचा मराठी अनुवाद हातात आहे. त्यातलं एक वाक्य अडलंय. देवनागरीत लिहायचं तर, 'व्हेदर द नोटीस वॉज प्रॉपरली सर्व्ह्ड इज नाऊ मूट.'
एका शब्दकोशात 'मूट' म्हणजे विवाद्य, वादाचा. तसं घेतलं तर 'नोटीस नीट बजावली होती का, हा मुद्दा आता विवाद्य आहे' असं होतं. दुसरा शब्दकोश म्हणतो, ज्याला आता व्यवहारात अर्थ उरलेला नाही असा. म्हणजे एक सांगतो वाद घाला, दुसरा सांगतो घालू नका. यातलं काय धरायचं? आणि एकाच शब्दाला हे दोन अर्थ चिकटले कसे?

बेलिफ
दुसरं धरा. तुमच्या वाक्यातच त्याची खूण आहे, 'नाऊ'. मुद्दा आधी जिवंत होता, मध्ये काहीतरी घडलं आणि तो मेला. विवाद्य मुद्दा एखाद्या तारखेपासून विवाद्य होत नाही, तो मुळातच तसा असतो. म्हणून 'इज नाऊ मूट', 'हॅज बिकम मूट', 'रेंडर्ड मूट' ही रूपं दिसली की ९९ टक्के अमेरिकी अर्थ: प्रश्न उरला नाही.
याउलट 'इट इज मूट व्हेदर...' अशी सुरुवात असेल आणि मजकूर इंग्लंडचा असेल, तर 'याबद्दल दुमत होऊ शकतं'.
आधीचं वाक्य काय आहे ते द्या. भाडेकरू जागा सोडून गेला असणार.

गावठाण
सोपं आहे हो. मूट म्हणजे म्यूट. मुद्दा गप्प केला. इतकं काय?

पाणिनीचा_शेजारी
गावठाण, नाही. म्यूट लॅटिनमधून आलेला, 'मुका' या अर्थाचा. मूट जुन्या इंग्रजीतला, त्याचा उच्चार 'बूट'च्या यमकात, मध्ये 'य' नाही. दोघांचा काही संबंध नाही. 'म्यूट पॉइंट' ही चूक खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास करतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका, पण लिहू मात्र नका.
आता मूळ. जुन्या इंग्रजीत 'मोट' किंवा 'गमोट' म्हणजे सभा, लोकांनी एकत्र जमणं. 'मीट' हे क्रियापद याच घरातलं. नॉर्मन लोक १०६६ साली येण्याआधी इंग्लंडच्या राजाला सल्ला देणारी जाणत्यांची सभा होती, तिला 'विटनगमोट' म्हणत. खाली शायरची, म्हणजे जिल्ह्याची सभा, त्याखाली 'हंड्रेड' नावाच्या विभागाची. तिथे जमिनीचे, चोरीचे, देण्याघेण्याचे वाद चालत. इंग्लंडात केझिक आणि ऑल्डबरा या गावांत आजही 'मूट हॉल' नावाच्या इमारती उभ्या आहेत.
थोडक्यात, शब्दाचं पहिलं काम 'जिथे वाद मांडला जातो ती जागा' हे. 'विवाद्य' हा अर्थ तिथून सरळ निघतो.

गावठाण
मग गमोट म्हणजे आपली गोतसभाच की! गोत, गमोट... आवाजही जुळतो.

पाणिनीचा_शेजारी
काम जुळतं, शब्द जुळत नाही. गोत हे गोत्रावरून. गमोट जर्मानिक, त्यातला 'ग' तर नुसता उपसर्ग आहे, खरा शब्द 'मोट'. (मोट म्हटल्यावर आता कुणी विहिरीवर जाऊ नका.) गोतसभा निवाडा करायची आणि त्याचा महजर लिहिला जायचा. इंग्रजी शब्दाची गाडी मात्र पुढे जिथे वळली, तिथे निवाडाच नव्हता. तो भाग बेलिफ सांगतील तर बरं.

बेलिफ
सांगतो, कारण तळटीप यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.
लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या चार संस्था आहेत: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल, मिडल टेंपल. (डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे.) तिथे विद्यार्थ्यांना तयार करायची जुनी पद्धत अशी, की एक काल्पनिक खटला रचायचा, दोघांनी दोन बाजू घ्यायच्या, ज्येष्ठांनी न्यायाधीश म्हणून बसायचं. या सरावाला १६व्या शतकात 'मूट' म्हणत आणि अशा खटल्याला 'मूट केस'.
आता या खटल्याचे दोन गुण बघा. एक, तो मुद्दाम असा रचतात की दोन्ही बाजूंना भरपूर बोलता यावं. दोन, निकाल काहीही लागला तरी कुणाची इंचभर जमीन हलत नाही. ब्रिटिशांनी पहिला गुण उचलला: मूट म्हणजे ज्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं ते. अमेरिकनांनी दुसरा उचलला: मूट म्हणजे ज्याच्या निकालाने काहीच बदलत नाही ते. हे उलटे अर्थ नाहीत, एकाच वर्गखोलीच्या दोन खिडक्या आहेत.

शिकाऊ_वकील
वा, हे आवडलं. मूट कोर्टाला मराठीत 'अभिरूप न्यायालय' म्हणतात ना? आमच्याकडे स्पर्धेच्या पत्रिकेवर असतं, पण बोलताना सगळे मूटच म्हणतात.

मेमोरियल
हो, पत्रिकेवर आणि बातमीत अभिरूप न्यायालय, कॅन्टीनमध्ये मूट. 'मूट मारायची' असंही ऐकू येतं.
भारतात हा नुसता छंद नाही. बार कौन्सिलच्या २००८च्या शिक्षण नियमांत तो सक्तीच्या प्रात्यक्षिक पेपरचा भाग आहे: ३० गुण मूटला, वर्षात तीन मूट, प्रत्येकी १० गुण, त्यातले ५ लेखी निवेदनाला आणि ५ तोंडी युक्तिवादाला. आंतरराष्ट्रीय कायद्याची जेसप स्पर्धा १९६० पासून चालू आहे. तिच्यात प्रत्येक संघाला बोलायला ४५ मिनिटं, रिबटल (शेवटचं प्रत्युत्तर) धरून. आणि एकाच संघाला अर्जदार व प्रतिवादी दोन्ही बाजूंची मेमोरियल, म्हणजे लेखी निवेदनं लिहावी लागतात. बेलिफ म्हणतात तो पहिला गुण इथे कागदावर दिसतो: प्रॉब्लेम, म्हणजे रचलेला खटला, एका बाजूला कलला असेल तर तो वाईट प्रॉब्लेम. सकाळी अर्जदार म्हणून जिंकणारा संघ दुपारी प्रतिवादी म्हणूनही जिंकू शकला पाहिजे.

दोन_कॉलम
तुम्ही सगळे विशेषणावर अडकलात. आमच्या डेस्कवर खरा घोळ क्रियापदाचा होतो.
भारतीय इंग्रजी पेपरांना हे क्रियापद फार प्रिय आहे, कारण ते चार अक्षरांत बसतं आणि मथळ्यात जागा कायम कमी. 'सिव्हिक बॉडी मूट्स न्यू पार्किंग पॉलिसी.' इथे मूट म्हणजे विचार पुढे मांडणं, पहिल्यांदा बोलून दाखवणं. हा ब्रिटिश वापर आहे, अमेरिकी मजकुरात क्वचित भेटतो. ज्याने अमेरिकी अर्थ पाठ केलाय तो याचं भाषांतर 'महापालिकेने पार्किंग धोरण गुंडाळले' असं करतो. नेमकं उलटं.
दुसरी, जास्त बारीक चूक: 'प्रस्ताव मांडला'. महापालिकेत प्रस्ताव म्हणजे प्रशासनाने तयार केलेला, स्थायी समितीपुढे विषयपत्रिकेवर आलेला कागद. त्याला मंजुरी मिळते, तो दप्तरी दाखल होतो, फेटाळला जातो. 'मूट' झालेली गोष्ट अजून तिथवर पोचलेली असेलच असं नाही. आयुक्त बैठकीत नुसतं बोलले असतील. मग 'प्रस्ताव' लिहिलं की संध्याकाळी नगरसचिव कार्यालयातून फोन, कुठला प्रस्ताव, विषय क्रमांक सांगा.
याला आपल्याकडे बेतून शिवल्यासारखा शब्द आहे: सूतोवाच. 'नव्या पार्किंग धोरणाचे सूतोवाच.' कागद खरंच समितीपुढे असेल तरच प्रस्ताव.

पाणिनीचा_शेजारी
सूतोवाचला हजार मोदक. कर्मणी प्रयोगालाही चालतो: 'द आयडिया वॉज फर्स्ट मूटेड इन १९९८' म्हणजे 'या कल्पनेचं सूतोवाच १९९८ साली झालं'. फक्त वाक्यात 'फर्स्ट' असेल तर मराठीत 'प्रथम सूतोवाच' करू नका. सूतोवाचात पहिलेपणा आलाच.

कोकणस्थ_ऑनसाइट
आयटीतला वापर जोडतो. न्यू जर्सीच्या क्लायंटने तिकिटावर (तक्रारीच्या नोंदीवर) 'धिस इज मूट नाऊ' लिहिलं की तिकीट बंद करा. ज्या स्क्रीनमध्ये बग होता तो स्क्रीनच नव्या डिझाइनमध्ये नाही, असा मामला असतो. लंडनच्या क्लायंटने मेलमध्ये 'दॅट्स अ मूट पॉइंट' लिहिलं तर लगेच बंद करू नका. त्याला बहुतेक म्हणायचं असतं की यावर मतं वेगळी आहेत, बोलायला हवं. विचारून घ्या: 'सो शाल वुई ड्रॉप इट ऑर डिस्कस इट?' हल्ली लंडनमध्येही अमेरिकी अर्थ घुसलाय, म्हणून नुसता पत्ता बघून ठरवता येत नाही.
आणि आपण स्वतः लिहिताना शब्दच टाळा. एका बाजूला 'डिबेटेबल', दुसऱ्या बाजूला 'नो लॉंगर रेलेव्हंट'. दोन्ही गोऱ्यांना एकच अर्थ लागतो.

मिनी_मी
ट्विटरवर मुली 'माय मूट्स' लिहितात ते काय मग? सभा??

कोकणस्थ_ऑनसाइट
ते 'म्युच्युअल्स'चं लाडाचं रूप, एकमेकांना फॉलो करणारे. या धाग्याशी नातं नाही.

शिकाऊ_वकील
बेलिफ, एक शंका. आपल्या कोर्टाच्या ऑर्डरींत 'मूट' फार दिसत नाही. 'इन्फ्रक्चुअस' दिसतो. तेच का?

बेलिफ
तेच, पण पूर्ण तेच नाही.
'इन्फ्रक्चुअस' लॅटिनमधला, शब्दशः 'फळ न धरणारा'. इंग्लंड-अमेरिकेतल्या वकिलाला तो कळायला वेळ लागेल. आपल्याकडे तो रोजच्या बोर्डावर असतो. अटकपूर्व जामिनाचा अर्ज पडून राहिला आणि दरम्यान अटक झाली, तर तो अर्ज इन्फ्रक्चुअस. हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा अशी याचिका आहे आणि माणसाला सोडलं, तर ती इन्फ्रक्चुअस. पाडकामाच्या नोटिशीला आव्हान दिलंय आणि पालिकेने नोटीसच मागे घेतली, तसंच. अशा वेळी 'डिस्पोज्ड ऑफ ॲज इन्फ्रक्चुअस' एवढ्या एका ओळीची ऑर्डर येते.
फरक असा: मूट होतो तो प्रश्न, इन्फ्रक्चुअस होते ती कारवाई, म्हणजे अर्ज, याचिका, अपील. याचिका निष्फळ झाली म्हणून त्यातला कायद्याचा प्रश्न सुटला असं होत नाही. तो 'खुला ठेवला' असं कोर्ट बऱ्याचदा वेगळं लिहितं. म्हणून मराठीत 'याचिका निष्फळ ठरली' बरोबर, पण 'प्रश्न निष्फळ ठरला' कानाला खटकतं. कॅगच्या अहवालात 'इन्फ्रक्चुअस एक्स्पेंडिचर' असतो त्यालाही 'निष्फळ खर्च'च म्हणतात.
तिसरा भाऊ 'अकॅडेमिक'. इंग्लंडचे आणि आपले न्यायाधीश प्रश्न 'अकॅडेमिक' झाला म्हणतात, तो बराचसा अमेरिकी मूटच. मराठीत त्याला 'शैक्षणिक' लिहिणाऱ्याला शिक्षा असावी. 'केवळ तात्त्विक' लिहा.

दोन_कॉलम
शिक्षा देऊन उपयोग नाही, तो शब्द मशीन ट्रान्सलेशनमधून येतो. :)

गावठाण
मला आता नीट कळलं. मूट म्हणजे 'बैल गेला नि झोपा केला'. गुरुजी, यावेळी तरी बरोबर?

पाणिनीचा_शेजारी
जवळ आलात, पण त्या म्हणीत दोष माणसाचा आहे. उपाय उशिरा केला म्हणून ती त्याला टोचते. मूटमध्ये दोष कुणाचाच नसू शकतो. तिथे झोप्याचा वाद चालू असताना बैलच गेला, एवढंच.

बेलिफ
गावठाण यांच्यामुळे एक चांगली जोडी सापडली. अमेरिकी कायद्यात मूटनेसचा जुळा भाऊ आहे 'राइपनेस'. वाद पिकला नसेल तरी कोर्ट ऐकत नाही आणि झडून गेला असेल तरी ऐकत नाही. न पिकलेल्या वादाला आपली म्हण तयार आहे: 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी'. तूर अजून बाजारातच आहे, घरात आलेली नाही, आणि वरणावरून मारामारी. तो झाला 'अनराइप'. आपली कोर्टं त्याला 'प्रीमॅच्युअर' म्हणतात. वरण खाऊन भांडी घासून झाल्यावर ते पातळ होतं का घट्ट यावर भांडण, तो मूट.
यामागचं कारण अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात आहे. संघीय न्यायालयांचा अधिकार 'केसेस' आणि 'कॉंट्रोव्हर्सीज' एवढ्यापुरताच. खरा, चालू तंटा हवा, नुसता सल्ला द्यायचा नाही. तंटा दाखल करताना असून भागत नाही, तो शेवटपर्यंत टिकावा लागतो.
नेहमीचं उदाहरण १९७४चं, डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलने प्रवेश नाकारला म्हणून विद्यार्थी कोर्टात गेला, खालच्या कोर्टाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकालाला येईपर्यंत तो शेवटच्या सत्रात होता आणि निकाल काहीही लागला तरी तो पदवी घेणारच होता. ५ विरुद्ध ४ मतांनी कोर्ट म्हणालं, मूट. प्रवेशात वंशाचा विचार करावा का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला आणि १९७८ मध्ये बाकी खटल्यात पुन्हा उभा राहिला.
(इथे 'बाकी' हे वादीचं आडनाव. 'उरलेल्या खटल्यात' असं वाचू नका.)

शिकाऊ_वकील
पण मग काही प्रश्न कायमच निसटतील की. गर्भपाताचा खटला बाळंतपणाआधी वरच्या कोर्टात पोचणारच नाही.

बेलिफ
म्हणूनच अपवाद आहे: पुन्हा उद्भवू शकणारा, तरीही दर वेळी तपासणीतून निसटणारा वाद. ही शब्दयोजना १९११च्या एका रेल्वे-टर्मिनल प्रकरणातली. १९७३ मध्ये रो विरुद्ध वेड निकालात तीच वापरली. गर्भारपण २६६ दिवसांचं, अपिलाचा प्रवास त्याहून लांब, म्हणून मूट म्हणता येणार नाही असं कोर्टाने लिहिलं. तो निकाल २०२२ मध्ये उलटवला गेला, पण या मुद्द्यावरून नाही.
दुसरी पळवाट नुकसानभरपाई. पैसे मागितलेले असतील तर वाद सहसा मरत नाही. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की नाममात्र भरपाईची मागणीही वाद जिवंत ठेवायला पुरते. तळटीप, हे तुमच्या कागदात लागू शकतं. पुढचं वाक्य बघा.

तळटीप
बघितलं. मागचं-पुढचं मिळून असं आहे: भाडेकरूने ३१ तारखेला किल्ल्या दिल्या, ताबा घरमालकाकडे आला. मग माझं वाक्य. आणि लगेच, 'द क्लेम फॉर अनपेड रेंट, हाउएव्हर, रिमेन्स.'
मी लिहिलंय: 'नोटीस योग्य रीतीने बजावली गेली होती किंवा कसे, हा मुद्दा आता निरर्थक ठरला असून थकीत भाड्याचा दावा मात्र शिल्लक आहे.'

बेलिफ
'निरर्थक' काढा. मराठीत निरर्थक म्हणजे ज्याला मुळात अर्थ नव्हता ते. विरुद्ध बाजूचा वकील म्हणेल, आमचा आक्षेप फालतू होता असं तुम्ही लिहिलंत. आक्षेप कदाचित पक्का होता, आता फक्त त्याची गरज नाही. 'निकाली निघाला'ही नको, कारण त्यावर निकाल दिलेलाच नाही. आणि 'दावा निष्फळ' तर अजिबात नको, दावा चालू आहे, ताब्यापुरता प्रश्न संपलाय.

दोन_कॉलम
'गैरलागू'?

बेलिफ
गैरलागू म्हणजे नियम इथे लागतच नाही. नोटिशीचा नियम लागत होता, त्यावरचा वाद उरला नाही.

पाणिनीचा_शेजारी
मग तेच लिहा ना सरळ. 'उरला नाही' हे मराठीतलं सगळ्यात चांगलं मूट आहे. आधी होता हे त्यात येतं, आता नाही हेही येतं, आणि कुणाचं बरोबर होतं यावर ते काही बोलत नाही. 'नाऊ'ही त्यातच जिरतं.
शिवाय 'असून... मात्र' अशी मोट बांधू नका, मूळात दोन वाक्यं आहेत तर दोनच ठेवा.

तळटीप
'नोटिशीची बजावणी रीतसर झाली होती की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. थकीत भाड्याचा दावा मात्र कायम आहे.'

बेलिफ
चालेल. 'प्रश्न'च्या आधी 'ताब्यापुरता' घाला. भाड्याच्या दाव्यात नोटिशीची तारीख उद्या पुन्हा निघू शकते, आणि तेव्हा कुणी तुमचा अनुवाद काढून दाखवायला नको.

तळटीप
घातला. धन्यवाद मंडळी.

गावठाण
म्हणजे धागा आता मूट?

दोन_कॉलम
कुठल्या खिडकीतून बघताय त्यावर आहे.